पोहायला शिकायचंय, पण लाज वाटते

*ताई, नमस्कार. मी मूळची चिपळूणची, वय ४७. लग्न होऊन ठाण्यात आले त्याला चोवीस वर्षं झाली. आधी खारकर आळीत होतो, सहा वर्षांपूर्वी कासारवडवलीला टॉवरमध्ये आलो. दोन दुकानांचे जीएसटीचे हिशेब मी घरूनच बघते. लेक पुण्याला शिकायला गेली, ह्यांना यायला नऊ वाजतात. दिवस कामात जातो, संध्याकाळ मात्र अंगावर येते. लेक म्हणते, आई, कम्फर्ट झोनमधून बाहेर पड. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झुंबा लावला, वर्षाची फी भरली आणि दोनदा जाऊन सोडला. मागच्या रांगेत उभी राहिले तरी आरशात चुकणारी मी एकटीच दिसत होते. गडकरीला एकटीने नाटकाला जायचं ठरवलं, तिकीटही काढलं आणि दारातली गर्दी बघून परत फिरले. आता डोक्यात तीन गोष्टी आहेत: ढोल पथक, रविवारचा ट्रेकिंग ग्रुप, नाहीतर पोहणं. वाशिष्ठीच्या काठावर वाढले, पण आम्हा मुलींना कुणी पाण्यात उतरू दिलं नाही. नणंद म्हणते, ‘या वयात हे काय सुचतंय?’ मी काय करू? आणि मुलीला सांगू का?*

*— वाशिष्ठीकाठची*

ताई,

पोहायला लागा. तिन्हींतलं हेच निवडा, आणि निदान तीन महिने दुसरं काहीही नवं सुरू करू नका.

तुमचं पत्र इथे आटोपतं करून छापलं आहे. मूळ पत्रात ढोल पथकाला एक ओळ आहे, ट्रेकिंगला अर्धी. पोहण्याबद्दल मात्र तुम्ही पानभर लिहिलंय. भाऊ नदीवरून ओल्या अंगाने घरी यायचे, त्यांच्या चड्ड्या पिळून दोरीवर टाकायचं काम तुमच्याकडे होतं, आणि त्या कपड्यांना येणारा नदीचा वास तुम्हाला अजून आठवतो. हे लिहिणाऱ्या बाईने मला तीन पर्याय विचारले असले तरी तिचं उत्तर तिच्याजवळ होतंच. तिला कुणीतरी ‘जा’ म्हणायला हवं होतं. म्हणून मी म्हणते आहे.

पण माझ्याकडे आणखीही एक कारण आहे, आणि ते पोहण्यापुरतं नाही.

नवं काही करा असं सांगणारे बहुतेक लोक एक मोठी यादी हातात देतात. या रविवारी मातीकाम, पुढच्या रविवारी पक्षीनिरीक्षण, मग साल्सा, मग बेकिंग. ज्याला चार अनोळखी माणसांत सहज मिसळता येतं त्याला ही यादी मजेची वाटते. तुमच्यासारख्या बाईला ती शिक्षा आहे. तुम्हाला अवघड काय जातं ते तुमच्याच पत्रात आहे. झुंबाच्या स्टेप्स अवघड नव्हत्या आणि नाटक बघणं तर नव्हतंच. अवघड होतं ते दारातून आत जाणं, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपल्याला कुणीच नाही. दर आठवड्याला नवी जागा धरली की दर आठवड्याला तुम्ही त्याच दारात उभ्या. दोन-चार वेळा तसं झालं की माणूस ठरवून टाकतो, हे आपल्याला जमणारं नाही. म्हणून तुम्हाला हवी आहे एकच जागा, एकच वेळ आणि तेच ते चेहरे. ओळख होईपर्यंत तिथेच जायचं.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ साली आलेला एक अभ्यास यासाठी मला फार उपयोगी वाटतो. नुसत्या तोंडओळखीची मैत्री व्हायला दोन माणसांनी साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, असं त्यात दिसलं. घट्ट मैत्रीला २०० तासांच्याही पुढे जावं लागतं. आता हिशेब तुम्हीच करा, तो तुमचा प्रांत आहे. पोहण्याची पाऊण तासाची बॅच, आधी-नंतर कपडे बदलायला, केस पुसायला, बाहेर बाकावर बसून चपला घालायला पंधरा मिनिटं. दिवसाचा एक तास, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दहा आठवड्यांत ५० तास होतात. महिन्यातून एकदा जाणाऱ्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये दोन भेटींत महिन्याचं अंतर पडतं, आणि दर वेळी गाडीत बरीच माणसं नवी असतात. झुंबाचे तुमचे दोन तास झाले होते. दोन तासांत तिथे कुणी आपलं वाटलं नाही, यात तुमची काहीच चूक नाही.

ढोल पथकाला मी कमी लेखत नाही. गणपतीच्या आधी ठाण्यात संध्याकाळचे सराव सुरू होतात, तेव्हा कमरेला ढोल बांधून उभ्या राहिलेल्या चाळिशी-पंचेचाळिशीतल्या बायका बघून मला फार बरं वाटतं. पण तो हंगामी मामला आहे. विसर्जन झालं की ढोल उतरतात आणि तुमची ती अंगावर येणारी संध्याकाळ पुन्हा तशीच समोर. शिवाय ढोलाचं वजन कमरेवर येतं, आणि तुम्ही दिवसभर बसून हिशेब करणाऱ्या. एकदा पाण्याने पाठ-खांदे मोकळे होऊ द्या. ढोल पुढच्या वर्षी.

आता त्या आरशाबद्दल. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका विद्यार्थ्याला असा टी-शर्ट घालायला दिला की तो घालून चारचौघांत जायची त्याला लाज वाटावी. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या हे लक्षात आलं असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्या लोकांच्या. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्शाच्याच लक्षात आलं होतं. अनेक विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला आणि अंदाज असाच दुपटीने चुकत राहिला. तुमच्या झुंबाच्या वर्गातली प्रत्येक बाई त्या आरशात स्वतःलाच बघत होती. तुमचा उजवा हात वर आणि सगळ्यांचा डावा, हे तुम्हाला दिसलं तेवढं दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही.

तरीसुद्धा, सोसायटीच्या पूलमध्ये शिकू नका. पूल खालीच आहे, फुकट आहे, मग तिथेच का नको, असं तुम्ही विचारलंय. त्या पूलवर दोन टॉवरच्या बाल्कन्या उघडतात. आपल्याकडे कुणी फारसं बघत नाही हे डोक्याला पटतं, पण पहिल्या आठवड्यात ते अंगाला पटत नाही. नाका-तोंडात पाणी जाऊन ठसका लागलेला असताना वरून चौदाव्या मजल्यावरच्या काकूंनी ‘अगं, तू पण?’ म्हणून हाक मारली, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी खाली उतरणार नाही. शिवाय तिथे शिकवणारं कुणी नाही असं तुम्हीच लिहिलंय, आणि प्रौढ माणसाने एकट्याने पाण्यात शिकायला जाणं धोक्याचं आहे. जिथे बायकांची वेगळी बॅच असेल, पाण्यात उतरून शिकवणाऱ्या कोच बाई असतील, काठावर जीवरक्षक असेल असाच तरणतलाव शोधा. मग तो महापालिकेचा असो, एखाद्या क्लबचा असो की शाळेचा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकचा विचार आधी करा. तुमच्या वेळेला कापूरबावडीपर्यंत जाऊन यायलाच दीड तास लागणार असेल तर उत्साह पंधरा दिवसांत संपेल. चांगला आणि लांबचा यापेक्षा बरा आणि जवळचा तलाव घ्या.

फी फक्त एका महिन्याची भरा. वर्षाची फी भरून सोडलेल्या झुंबाची टोचणी तुम्हाला अजून आहे. पैसे अडकले की माणूस जातोच, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पैसे अडकले की तो चार दिवस जातो आणि मग वर्षभर स्वतःला बोल लावत बसतो.

सुरुवात २१ तारखेला करा. तुम्ही हसाल, पण हे मी विचार करून सांगते आहे. महिन्याच्या ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं. त्या आधीच्या दिवसांत दुकानदार बिलांच्या पिशव्या आणून टाकतात आणि तुम्ही जेवायलाही उठत नाही. अशा वेळी बॅच सुरू केलीत तर तिसऱ्याच दिवशी खाडा. २१ ला सुरू केलंत तर पुढची घाई सुरू होईपर्यंत तुम्हाला दोन-अडीच आठवडे सलग मिळतात. जमलं तर एप्रिल-मे टाळा, सुट्टीतल्या मुलांनी तलाव गजबजलेले असतात.

पहिल्या दिवशी काय होतं, तेही सांगून ठेवते, कारण माहीत नसलेल्या गोष्टीची भीती फार मोठी असते.

तुम्हाला कुणीही खोल पाण्यात ढकलणार नाही. उथळ बाजूला, छातीइतक्या पाण्यात उभं करतील. काठाची दांडी धरायची, तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात बुडवायचा आणि नाका-तोंडाने हळूहळू बुडबुडे सोडायचे. पुन्हा वर, पुन्हा श्वास. बस्स, पहिले काही दिवस एवढंच. हे पोहणं वाटत नाही, पण सगळी भीती इथेच मोडते. घाबरलेलं माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतं. मग वर आल्यावर त्याला आधी सोडायचा आणि मग घ्यायचा अशी दुप्पट घाई होते, आणि त्या घाईत पाणी आत जातं. बुडबुडे सोडायला जमलं की ही घाई थांबते. त्यानंतर दांडी धरून पाय मारणं, मग तरंगणं.

तरंगण्याच्या वेळी प्रत्येक प्रौढ माणूस एकच गोष्ट करतो: डोकं पाण्याबाहेर काढतो. वाटतं, डोकं वर असलं म्हणजे आपण सुरक्षित. पण डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि आपण बुडतोय असं वाटायला लागतं. छातीत हवा भरलेली असली की बहुतेकांचं शरीर पाण्यावर राहतं, त्याला वेगळे कष्ट लागत नाहीत. मान सैल सोडून चेहरा पाण्यात ठेवला की पाय आपोआप वर येतात. कोच बाई तुमच्या पोटाखाली हात धरतील आणि म्हणतील ‘मान सोडा, मान सोडा.’ तुम्हाला वाटेल सोडलीय, पण ती सुटलेली नसते. सत्तेचाळीस वर्षं जमिनीवर सांभाळलेली मान दोन दिवसांत सुटत नाही. ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी त्यांनी हात कधी काढला ते तुम्हाला कळणारही नाही.

पोशाखाचं तुम्ही दोन ओळींत उरकलंय, म्हणजे तेच मुख्य आहे. पूर्ण बाह्यांचा, पायात घोट्यापर्यंत लेगिंग असलेला पोहण्याचा पोशाख आता खेळाच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि लेडीज बॅचमध्ये तुमच्या वयाच्या बऱ्याच बायका तोच घालतात. सुती कपडे नकोत, ते पाणी पिऊन जड होतात आणि बहुतेक तलावांवर चालतही नाहीत. टोपी आणि गॉगल घ्याच. गॉगलमुळे पाण्याखाली डोळे उघडे राहतात आणि अर्धी भीती तिथेच जाते. उतरण्याआधी शॉवरखाली केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. आधीच भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन किंवा कप वापरून उतरणाऱ्या बायका आहेत, न उतरणाऱ्याही आहेत. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बॅचमध्ये याचं स्पष्टीकरण कुणी मागत नाही. रक्तदाब, दमा, कानाचं दुखणं, चक्कर यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याच तलावांवर तसंही डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. थोडं हातपाय मारता यायला लागले म्हणून तलावात, खाडीत किंवा येऊरच्या ओढ्यात उतरू नका. पावसाळ्यात येऊरच्या धबधब्यांवर बंदी घालतात ती उगाच नाही. छातीइतक्या स्वच्छ पाण्यात शिकलेलं पोहणं गाळाच्या, वाहत्या पाण्यात कामाला येत नाही. वाशिष्ठीत उतरायची इच्छा असेलच. ती मला समजते. पण आधी कोच ‘आता तुम्हाला येतं’ म्हणू देत, आणि मग भावांना बरोबर घेऊन, त्यांना ठाऊक असलेल्या जागीच.

गडकरीच्या दारातून परत आलात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण ते तिकीट पुन्हा काढा. एकट्या माणसासाठी नाट्यगृहासारखी सोयीची जागा नाही. खुर्चीला नंबर असतो, ती तुमचीच असते. दिवे गेले की दोन तास कुणाशी बोलायचं नसतं. अवघड फक्त दोन वेळा असतात, नाटक सुरू होण्याआधीची दहा मिनिटं आणि मध्यंतर. पहिल्यासाठी उपाय सोपा आहे: दुसरी घंटा होईपर्यंत बाहेर मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी उभ्या राहा आणि घंटा झाली की थेट खुर्चीवर. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत लागा. रांगेतला माणूस एकटा आहे की दुकटा, हे कुणी बघत नाही. कासारवडवलीहून तलावपाळीपर्यंत येणं जिवावर येत असेल तर काशिनाथ घाणेकर नाट्यगृह तुम्हाला जवळ आहे. गडकरी १९७८ पासून उभं आहे. त्याच्या जवळच खारकर आळीत तुम्ही इतकी वर्षं राहिलात आणि एकटीने कधी आत गेला नाहीत, याला कारण तुमचा स्वभाव नाही. संसारात बाईच्या वाट्याला एकटीची संध्याकाळ येतच नाही. ती आता आली आहे.

ठाणं मला माहीतच नाही, असंही तुम्ही लिहिलंय. ते हळूहळू होईल, त्याची घाई नको. ज्या दिवशी पोहण्याला सुट्टी, त्या दिवशी एखाद्या कट्ट्यावर जाऊन मागच्या खुर्चीवर बसा. आचार्य अत्रे कट्टा, अभिनय कट्टा, तुमच्या बाजूचा ब्रह्मांड कट्टा ही ठाण्याची खास गोष्ट आहे. तिथे ऐकायला येणाऱ्याला कुणी ओळख विचारत नाही. वाचनाची आवड असेल तर १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आणि लेक हिवाळ्यात घरी येईल तेव्हा तिला घेऊन ऐरोलीला जा. खाडीतल्या रोहित पक्ष्यांना दाखवणारी बोट तिथल्या जैवविविधता केंद्रातून सुटते. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करून, नोंदणी करून निघा. ठाणे खाडीच्या या अभयारण्याला २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. हजारो गुलाबी पक्षी आपल्या घरापासून इतक्या जवळ उतरतात आणि ठाणेकरांतल्या कितीतरी जणांनी ते पाहिलेले नाहीत, याची मला खंत वाटते. मात्र हे सगळं वरकड समजा. एकदा जाऊन बघून यायच्या जागा मनाला ताजं करतात, पण तिथे ओळखी होत नाहीत. त्या तरणतलावावरच होतील.

तिथेही पहिले आठ-दहा दिवस कुणी फार बोलणार नाही. तुम्ही एवढंच करा: रोज एकाच वेळी जा, आणि शेजारी जी बाई दांडी धरून बुडबुडे सोडत असेल तिला नाव विचारा. नवखी बाई नवख्या बाईला लगेच नाव सांगते. जुन्यांशी ओळख नंतर होते, बहुधा कुणाचा तरी गॉगल हरवतो तेव्हा.

नणंदेला उत्तर द्यायची गरज नाही. ‘या वयात’ म्हणणारीला स्वतःला काय करायचं राहून गेलंय, ते कधीतरी विचारून बघा. पण भांडणाच्या सुरात नको, खरंच विचारा. एक बाई जाऊ लागली की दुसरीला जायचं धैर्य येतं, आणि ती दुसरी तुमची नणंदही असू शकते. ह्यांना मात्र आधीच सांगा. परवानगी मागण्यासाठी म्हणत नाही मी. त्या वेळी फोन उचलला जाणार नाही, आणि रात्रीच्या भाकरीला पंधरा मिनिटं उशीर होईल, हे त्यांना माहीत हवं. तेवढ्या वेळात कुकर त्यांनाही लावता येतो.

आणि मुलीला सांगाच. ती खूश होईल, टोपी-गॉगल तीच मागवून देईल. फक्त तिला रोजचा हिशेब देण्याचं कबूल करू नका. ‘आज किती जमलं?’ असा तिचा मेसेज रोज यायला लागला की ज्या दिवशी काहीच जमलं नसेल त्या दिवशी तुम्हाला जावंसं वाटणार नाही, आणि असे दिवस बरेच येतील. महिना झाला की स्वतःहून फोन करा आणि काय झालं ते सांगा. मलाही कळवा.